बारा आण्यांचा आराम

मरणाच्या दारातील रुग्णाला माया हवी, संशोधन नको, हे विधान वैद्यकीय परिषदांतून आणि सेवाभावी व्यासपीठांवरून इतक्या आदराने उच्चारले जाते, की त्याला हरकत घेणारा निष्ठुर ठरतो. वर्धा जिल्ह्यात तर त्याला अध्यात्माचाही आधार मिळतो, कारण पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न आणि औषध सोडून शांतपणे देह ठेवला. मात्र विनोबांनी आपले मरण स्वतः निवडले होते. खर्ऱ्यापायी तोंडाचा कर्करोग जडलेल्या शेतमजुराने आपली वेदना निवडलेली नसते, आणि त्याला आराम कशाने पडेल हे न शोधता नुसती माया पुरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग बरा होवो वा न होवो, वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांतून रुग्णाला सोडवू पाहणारी शुश्रूषा, मायेपोटीच उभी राहिली हे खरे. पण सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले तेव्हा तेथे संशोधनालाही स्थान दिले, आणि तेथेच रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी मॉर्फिन व हेरॉईन यांची तुलना करून, तोंडाने दिल्यास दोहोंत रुग्णाच्या दृष्टीने फरक पडत नाही, हे दाखवून एक जुना समज मोडला.

असे समज अजूनही पुष्कळ आहेत. अखेरच्या आजारात धाप लागली की ऑक्सिजन लावायचा, ही त्यांतलीच एक रीत. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तात प्राणवायू पुरेसा असूनही धाप लागणाऱ्या २३९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली, एका गटाच्या नाकात ऑक्सिजन व दुसऱ्याच्या नाकात साधी हवा सोडली, आणि आराम दोन्हीकडे सारखाच आढळला. त्याच वर्षी ५० रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत हातात धरण्याचा छोटा पंखा एकदा चेहऱ्यावर आणि एकदा पायावर धरून पाहिला, तेव्हा चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप उतरली. नागपूर–हैदराबाद महामार्गातून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या जामच्या परिसरातील कुटुंबाला ‘आता घरी न्या’ असे सांगितले जाते, तेव्हा सिलिंडरसाठी उसनवारी करायची की उशाशी बसून वारा घालायचा, हे ठरवायला अशाच चाचण्या उपयोगी पडतात.

वेदना मोजता येत नाही, हा अशा संशोधनावरचा सर्वांत प्रतिष्ठित आक्षेप, आणि त्याला नेमके उत्तर रुग्णाच्याच बोलीत आहे. शून्य ते दहा यांतला आकडा सांगा म्हटले की खेड्यातला म्हातारा गोंधळतो, पण तोच नातलगाला ‘बारा आणे फरक पडला’ असे सहज सांगतो. ठणका गेला पण आग राहिली, कळ थांबली पण सल उरला, असा भेदही तो करतो. मोजमाप त्याने केलेलेच असते, संशोधकाने ते नीट विचारलेले नसते.

येथवरचा युक्तिवाद कठोर चाचण्यांच्या बाजूने सरळ जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीपाशी मात्र तो अडतो. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १८० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्यांचे जगणे इतरांपेक्षा लक्षणीय सुसह्य झाले नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत याच उपायाने लाभ दिसला होता, तेव्हा हे सुसह्यपण मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या उणिवा काढायला कोणी बसले नाही. मुंबईचा निष्कर्ष प्रतिकूल आला म्हणून आता त्या काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. नको असलेला निकाल लपवला नाही, हाच या संशोधनाच्या दर्जाचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

तरीही एक शंका दोन्ही निकालांना लागू पडते, आणि तिच्यापुढे आधीची कठोरता अपुरी वाटते. या क्षेत्रात नेमलेल्या दिवशी प्रश्नावली भरायला अनेकदा तोच रुग्ण येऊ शकत नाही ज्याला सर्वाधिक सोसावे लागते; तो निवर्तलेला असतो, बोलू शकत नसतो किंवा गाडीभाडे नसल्याने घरीच पडलेला असतो, आणि त्याची रिकामी जागा संख्याशास्त्राच्या अंदाजाने भरावी लागते. रुग्णाने रुग्णालयात यायचे, ही अट कायम ठेवून या संशोधनाचा दर्जा सुधारणार नाही.

सेवाग्रामला १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली ती खेड्यांसाठी, आणि जाम त्याच जिल्ह्यात आहे. पुढची चाचणी जाम–समुद्रपूरच्या घराघरांत जाऊन व्हावी, आकडे आण्यांत विचारले जावेत, रात्रभर जागणाऱ्या बायकोचे म्हणणे वेगळे नोंदवले जावे आणि प्रत्येक रिकाम्या जागेसमोर ती का रिकामी राहिली हे लिहिले जावे, एवढी मागणी या जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षकांकडे आहे.