तेरवीचे कर्ज

चोखोबांचा अंत कसा झाला हे आपण सारे जाणतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. परंपरेने ते साल 1338 मानतात. मग नामदेवराय स्वतः मंगळवेढ्यास गेले, अस्थी शोधल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. मजुराच्या अंत्यविधीचा भार संतमंडळींनी आपल्या खांद्यावर घेतला.

आता आपले वऱ्हाड पाहा. अकोल्याकडे काय, अमरावतीकडे काय, मजुराच्या घरचे माणूस गेले की लाकडे, कापड, दहावा आणि वर तेरवीची पंगत. बाई रडत असते अन् भाऊबंद आचारी ठरवीत असतात! "माय, घरात पीठ आहे का?" असे तिला कोणी विचारीत नाही. गाडगेबाबा याच मातीतले, शेंडगावचे. कर्ज काढून सणसमारंभ करू नका, हे ते जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले. 1956 साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांच्या समाधीपुढे हात जोडणारेच गावी येऊन कर्जाच्या पंगतीला बसतात, याला काय म्हणावे!

कोणी म्हणेल, परमार्थाच्या पानावर सरकारी योजना कशाला? अहो, विधवेच्या चुलीचा प्रश्न परमार्थाबाहेरचा कधी झाला? 1995 पासून राष्ट्रीय कुटुंबलाभाची योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातील कर्ते माणूस, पुरुष असो वा बाई, 18 ते 59 या वयात गेले, तर त्या घराला एकरकमी 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत द्यावा. इमारतीवर राबणारा मजूर बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदलेला असेल, तर वयाच्या व इतर अटींत बसल्यास अंत्यविधीसाठी वारसाला 10,000 रुपये आहेत. यात लाज कसली? बांधकामाच्या खर्चावर शेकडा 1 रुपया उपकर घेऊन मंडळाचा निधी जमतो. म्हणजे तो त्याच्याच घामाचा पैसा. मात्र नोंदणी जिवंतपणी केलेली हवी, अन् मुदतीत ताजी केलेली हवी.

खरी अडचण निराळीच आहे. हा पैसा चितेच्या दिवशी येत नाही. कागद फिरतात, दिवस जातात, आणि तेवढ्यात सावकाराचे व्याज चढते. म्हणून तो पहिला दिवस गावाने निभवावा. लाकडे शेजाऱ्यांनी द्यावी, तेरवीला एक भजन व गुळपाणी पुरे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी, कारण दाखल्यावाचून पुढचे काहीच चालत नाही. निरक्षर बाईला एकटीला कचेरीत पाठवू नये. टाळ वाजविणारा एखादा शिकलेला पोरगा तिच्याबरोबर धाडावा. आणि रक्कम हाती आली की तीवर पंगत मागणाऱ्या भाऊबंदाला वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे गप्प बसवावे. ती लेकरांची आहे.

येत्या एकादशीला भजन आटोपल्यावर मंडळींनी एवढे करावे: आपल्या गावातून बांधकामावर जाणारे किती, त्यांतले नोंदलेले किती, कोणाची मुदत सरली, याची यादी वहीत लिहावी. दिंडी निघायच्या आधी हे काम सहज होते.