माघार कोणी घ्यावी?

दोन पक्षांत वाद उत्पन्न झाला आणि त्यांपैकी एकाने नियम मोडला असेल, तर न्याय करणे फारसे कठीण नसते. अपराध कोठे आहे हे दिसते, आणि दंड कोणाला करावयाचा हेही कळते. बुद्धीची आणि सद्‌बुद्धीची खरी कसोटी लागते ती दोन्ही पक्ष आपापल्या समजुतीने नियमाप्रमाणेच वागलेले असतात, कोणाच्याही मनात कपट नसते, आणि तरीही दोघांचे एकत्र नांदणे अशक्य होऊन बसते तेव्हा. अशा प्रसंगी माघार कोणी घ्यावी? ज्याची बाजू न्याय्य त्याने घेऊ नये असे म्हणावे, तर येथे दोन्ही बाजू न्याय्य आहेत. बहुसंख्येने ठरवावे असे म्हणावे, तर बहुसंख्या हे बळ आहे. ते नेहमीच प्रमाण असते असे नाही. प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडच्या काळात त्याला एक असे उदाहरण लाभले आहे की, नीतीचा विचार करणाऱ्याने त्याची दखल घ्यावी. हे उदाहरण तत्त्वज्ञांच्या सभेतले नाही. ते बिटकॉइन नावाच्या संगणकीय चलनाच्या इतिहासातील, मार्च २०१३ मधील एका रात्रीचे आहे.

बिटकॉइन म्हणजे वस्तुतः एक वही आहे. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने किंवा गटाने २००८ मध्ये तिची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये तिचे पहिले पान लिहिले गेले. सावकाराच्या पेढीवर वही एकच असते आणि ती मुनिमाच्या स्वाधीन असते. येथे त्याच वहीच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर असतात, आणि मुनीम मात्र कोणीच नसतो. साधारणतः दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे एक नवे पान तिला जोडले जाते. त्या पानाला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पान मागल्या पानाशी गणिताच्या गाठीने बांधलेले असते, म्हणून सगळ्या वहीला साखळी हे नाव. पान जोडण्याचा अधिकार मिळावा म्हणून जे यंत्रे राबवितात आणि वीज जाळून एक अवघड कोडे सोडवितात, त्यांना मायनर म्हणतात; त्यांना श्रमाचे मोल म्हणून नवी नाणी मिळतात. एकाच वेळी दोन ठिकाणी दोन निरनिराळी पाने जोडली गेली, तर काय करावयाचे तेही ठरलेले आहे : ज्या साखळीत अधिक श्रम ओतले गेले ती खरी, दुसरी टाकून द्यावी. राजा नको, पंच नकोत, कोणाच्या सचोटीवर भिस्त ठेवावयास नको. नियम तेवढा पुरे. ह्या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांचा हाच अभिमान होता.

त्या अभिमानाला पहिला मोठा धक्का बसला नसला, तरी सर्वांत बोधप्रद धक्का बसला तो ११ मार्च २०१३ रोजी. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ह्या चलनाच्या सॉफ्टवेअरची ०.८ ही नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. नोंदी साठविण्याची तिची पद्धत नवी आणि वेगवान होती. जुन्या आवृत्त्या बर्कले डीबी नावाच्या साठवणीवर चालत; तीत एका वेळी किती नोंदींना कुलूप घालता येईल ह्याची मर्यादा १०,००० ठेवलेली होती. ही मर्यादा चलनाचा नियम म्हणून कोणी घातलेली नव्हती; यंत्राच्या सोयीसाठी लिहिलेला तो एक आकडा होता. मग २,२५,४३० क्रमांकाचा एक ब्लॉक आला, आणि त्यात नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक नोंदी गुंतलेल्या होत्या. नव्या आवृत्तीने तो बिनतक्रार स्वीकारला. जुन्या आवृत्तीच्या पुष्कळशा संगणकांची कुलपे संपली आणि त्यांनी तो नाकारला. एका क्षणात एका वहीच्या दोन वह्या झाल्या.

येथे दोषी कोण? नव्यांनी लेखी नियमांपैकी एकही मोडला नव्हता. जुन्यांनीही मोडला नव्हता. आपल्या पोटात असा काही आकडा दडलेला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. गॅव्हिन अँड्रेसन ह्यांनी ह्या घटनेचा जो वृत्तान्त मागाहून लिहिला, त्यात ही गोष्ट मोकळेपणाने नमूद केली आहे की, ती मर्यादा कोणाच्याही नकळत साऱ्या जाळ्याचा एक नियम होऊन बसली होती. आम्हांला हे वाक्य फार मोलाचे वाटते. प्रत्येक समाजात असे नियम असतात. ते कोणी लिहिलेले नसतात, कोणी मान्य केलेले नसतात. पण सगळे त्यांच्या आत राहून वागत असतात, आणि कोणी त्यांच्याबाहेर पाऊल टाकीपर्यंत ते आहेत हे कोणालाच कळत नाही. लेखी नियमांत निर्दोष असलेला माणूस अशा एखाद्या न लिहिलेल्या नियमाला अडखळतो, आणि घर दुभंगते.

दुभंगले म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्राबाहेर उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना दोन वह्यांत जगण्याची सवय आहेच. आमची गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते. शेजारच्या घरात तीच तिथी भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. महिना अमावास्येला संपवावयाचा की पौर्णिमेला, एवढाच भेद. दिवस तोच, कृष्णही तोच, आणि प्रसाद तर दोन्ही घरचा मिळतो. परंतु नाण्याचे तसे नसते. एकाच दिवसाला दोन नावे असली तर कोणाचे काही जात नाही. एकच नाणे दोन वह्यांत दोन निरनिराळ्या माणसांच्या नावे जमा झाले, तर त्यांपैकी एकजण नागवला जातो. त्या रात्री तसे घडलेही. सुमारे दहा हजार डॉलर किमतीचा एक व्यवहार एका साखळीत एका पेढीला पोचता झाला आणि दुसऱ्या साखळीत तेच नाणे अन्यत्र वळविले गेले. करणाऱ्याने तो केवळ प्रयोग म्हणून करून पाहिला, फसवणूक हा त्याचा हेतू नव्हता, अशी नोंद आहे. पण प्रयोगाने जे साधले ते लबाडीलाही साधले असते. चलनाला दोन सत्ये परवडत नाहीत. म्हणून एका बाजूने माघार घेणे भाग होते.

बळाचा हिशेब नव्यांच्या बाजूचा होता. कोडे सोडविण्याच्या एकूण शक्तीपैकी सुमारे ६० टक्के शक्ती नव्या साखळीवर होती; ती पुढे होती आणि दर तासाला आणखी पुढे जात होती. नियमाचे अक्षर पाहावे, तर तीच खरी. ‘तुम्ही मागे पडलात, आता आमच्यामागून या,’ असे जुन्यांना बजावण्याचा नव्यांना अधिकार होता. चलन चालविणाऱ्या त्या मंडळींनी काय केले? सॉफ्टवेअर लिहिणारे आणि मोठमोठ्या मायनर-संघांचे चालक रात्रीच एकत्र बोलले, आणि थोड्याच वेळात निर्णय झाला की, नव्यांनी परत फिरावे. बीटीसी गिल्ड आणि स्लश ह्या दोन मोठ्या संघांनी आपली यंत्रे जुन्या आवृत्तीवर नेली. शक्तीचे पारडे फिरले. मागे राहिलेली साखळी काही तासांत पुढे गेली, आणि मग नव्या आवृत्तीच्या उरलेल्या संगणकांनीही, अधिक श्रमाची साखळी खरी ह्याच नियमाने, तिचा आपोआप स्वीकार केला. भाव काही काळ घसरला आणि सावरला. सामान्यांचे बहुतेक व्यवहार दोन्ही वह्यांत नोंदले गेले असल्यामुळे बचावले. टाकून दिलेल्या साखळीत मात्र सुमारे २४ ब्लॉक होते. त्या काळी प्रत्येक ब्लॉकमागे २५ बिटकॉइन मिळत. म्हणजे सुमारे ६०० नाण्यांचे, प्रामाणिकपणे कमावलेले, वेतन बुडाले.

बहुसंख्य, बलवान आणि नियमाने बरोबर असणाऱ्यांनीच माघार का घ्यावी? ह्याचे एक कारण व्यवहाराचे होते. जुन्या आवृत्तीवर दुकानदार होते, हुंडीपेढ्या होत्या, जगभर विखुरलेले सामान्य लोक होते. एका रात्रीत त्या सर्वांना हाक मारून आवृत्ती बदलावयास लावणे अशक्यच होते. परत फिरण्यास मात्र दोन-चार मोठ्या चालकांचा निश्चय पुरेसा होता. परंतु ह्या व्यावहारिक कारणाच्या पोटात एक नैतिक कारण आहे, असे आम्हांला वाटते. जुने संगणक नवी साखळी कितीही इच्छा असली तरी वाचू शकत नव्हते. नवे संगणक मात्र दोन्ही साखळ्या वाचू शकत होते. ज्याला दोन भाषा येतात त्याने, ज्याला एकच येते त्याच्याशी, त्याच्या भाषेत बोलावे, हा शिष्टाचार आपण सारेच जाणतो. त्यात एकभाषिकाचा विजय नसतो आणि द्विभाषिकाचा पराभवही नसतो. सामर्थ्य ज्याच्याकडे अधिक, त्याच्याकडे वळण्याची शक्यताही अधिक. आणि जेथे शक्यता आहे तेथेच कर्तव्य उत्पन्न होते. जो वळूच शकत नाही, त्याला ‘तू वळ’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, तो बहिष्कार होय.

डेव्हिड ह्यूम ह्या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात दोन वल्हेकऱ्यांचा दाखला दिला आहे. एकाच नावेत बसलेले दोघे, परस्परांना कोणतेही वचन न देता, एका लयीत वल्ही मारतात. त्यांचा करार त्या लयीतच असतो. एकाचे वल्हे जड झाले आणि दुसरा आपल्या हक्काच्या वेगाने वल्हवीतच राहिला, तर तो कोणताही नियम मोडीत नाही. फक्त नाव जागच्या जागी गरगर फिरू लागते.

ह्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या व्यवस्थेने ‘येथे कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही’ असे सांगितले, ती व्यवस्था त्या रात्री मूठभर माणसांच्या शहाणपणावर तरली. प्रिन्स्टन विद्यापीठातील अरविंद नारायणन ह्यांनी ह्या घटनेचे विश्लेषण करताना हेच दाखवून दिले की, निर्णय केंद्रित होता म्हणूनच तो वेळेवर झाला. ज्या एकवटलेल्या सामर्थ्याची ह्या चलनाच्या भक्तांना भीती, तेच त्या रात्री उपयोगी पडले. आज ज्यांनी शहाणपणाने माघार घेतली, ते उद्या स्वार्थाने तशीच कलाटणी देणार नाहीत कशावरून? शेवटी नियम बोलला हे खरे. पण त्याने काय बोलावे हे माणसांनी आधी ठरवून ठेवले होते.

हा आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर द्यावयाचे तर कलाटणी आणि माघार ह्यांतला भेद ओळखला पाहिजे. तीन वर्षांनी, १७ जून २०१६ रोजी, इथेरियम नावाच्या दुसऱ्या चलनात ‘द डाओ’ ह्या सामाईक निधीच्या संहितेतील एका छिद्राचा फायदा घेऊन कोणी सुमारे ३६ लाख इथर वळविले. बरीच चर्चा होऊन २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी साखळीच वेगळी वळवून ती रक्कम मूळ मालकांना परत मिळेल असे केले. हेतू चांगला होता. चोराकडून माल सोडविणे ह्यात वाईट ते काय? तरीही एका गटाने ते मानले नाही. ‘वहीत लिहिलेले पुसावयाचे नाही हेच आपण एकमेकांना सांगितले होते,’ असे म्हणून तो जुन्याच साखळीवर राहिला, आणि ती साखळी इथेरियम क्लासिक ह्या नावाने आजही चालू आहे. दोन्ही प्रसंगी लिहिले गेलेले बाजूस सारले गेले. मग पहिल्यात घर सांधले आणि दुसऱ्यात दुभंगले, ते का? आम्हांला दिसणारे कारण असे : २०१३ मध्ये ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी किंमत स्वतः दिली. २०१६ मध्ये ज्यांचे पैसे अडकले होते त्यांचाही त्या निर्णयात आवाज होता, आणि किंमत वहीच्या अढळपणाने दिली. त्या अढळपणावर ज्यांचा भरवसा होता त्यांची संमती नसतानाही दिली. दुसरा निर्णय चुकीचाच होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की, आपल्या पदरचे सोडणे ही माघार. दुसऱ्याच्या पदरचे सोडावयास लावणे ही, कितीही सद्‌हेतूने केली तरी, आज्ञा. माघारीला कोणाची अनुमती लागत नाही. आज्ञेला लागते.

माघारीलाही मर्यादा हवी, हे त्या मंडळींना उमगले होते. १८ मार्च २०१३ रोजी त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली. जुन्यांना झेपणार नाहीत असे ब्लॉक तीत तात्पुरते नाकारले जात. पण ही सवलत १५ मेपर्यंतच होती. तोवर सर्वांनी आपली घरे दुरुस्त करून घ्यावीत, असे जाहीर करण्यात आले. दुर्बळासाठी थांबावे, परंतु थांबण्याचा अवधी सांगून थांबावे, हे आम्हांला न्याय्य वाटते. अवधी नसेल तर मागे राहणाराच साऱ्यांचा स्वामी होतो. आणि थांबणेच नसेल तर पुढे जाणारा एकटा पडतो.

त्या टाकून दिलेल्या २४ ब्लॉकांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. आज चालू असलेल्या साखळीत त्यांचा मागमूस नाही. २,२५,४३० ह्या क्रमांकावर दुसराच ब्लॉक आहे, आणि त्याच्यापुढे वही अखंड चाललेली दिसते. ज्या वहीची ख्याती कोणतीही नोंद न विसरण्याबद्दल आहे, तिच्यात ती वाचविण्यासाठी ज्यांनी आपली कमाई सोडली त्यांची नोंद नाही. जमेच्या बाजूला ती लिहिण्यासाठी रकानाच नव्हता. ज्यांनी माघार घेतली त्यांना हे आधीच ठाऊक होते.