संधिसाधू कोण?

पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला दोन भाषांतले कागद वाचायची सवय असते. एच.आय.व्ही.संबंधीच्या हिंदी पत्रकात 'अवसरवादी संक्रमण' असे शब्द येतात. मराठी पुस्तिकेत तेच 'संधिसाधू संसर्ग' होतात. दोन्ही भाषांत हे विशेषण एरवी माणसाला, त्यातही पुढाऱ्याला लावायचे. वैद्यकाने ते जंतूंना लावले. धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला न जाणारे, पण शरीराचा पहारा ढिला पडला की डोके वर काढणारे जंतू ते संधिसाधू. शब्द माणसाकडून जंतूकडे गेला आहे, तर तो एकदा माणसाकडे परत आणून पाहावा.

एच.आय.व्ही. शरीराचे पहारेकरीच मारतो आणि मग घाला अनेकदा फुप्फुसांवर येतो. १९८१ साली अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद झाली, तीच लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियावरून. तो करणारी न्यूमोसिस्टिस ही बुरशी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. आपल्या देशात मात्र सर्वांत पुढे उभा असतो तो क्षय. त्याचे जंतू आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात निजलेले असतात. लहानपणी घरातल्या कोणाच्या खोकल्यातून, शाळेतून, खचाखच भरलेल्या बसमधून ते आत आलेले असतात. असे जंतू बाळगणाऱ्या दहांपैकी नऊ जण तरी जन्मभर ठणठणीत राहतात. एच.आय.व्ही. असलेल्याच्या शरीरात ते जागे होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आणि अशा माणसाला खोकला लागला की आपण विचारतो, "याने काय केले असेल?" हा प्रश्न फार जुना आहे. पुराणातल्या चंद्रालाही क्षय जडला तो दक्षाच्या शापाने, सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून. रोग म्हणजे वासनेची शिक्षा, ही समजूत तेव्हापासूनची. पण त्याला खोकवणारा जंतू त्याच्या वर्तनातून आलेला नाही. तो तुमच्या-आमच्या हवेतून आला आहे. मूळ विषाणूही कित्येक बायकांना नवऱ्याकडून आणि मुलांना आईच्या पोटातून मिळालेला असतो. शिवाय एखाद्याचे पाऊल घसरले असेल असे धरले, तरी तसेच घसरून सुखरूप राहिलेल्यांचे काय? हा न्याय नव्हे.

मग भीती कोणी कोणाची धरायची? विषाणू श्वासातून, पंगतीतून, स्पर्शातून पसरत नाही. आपला खोकला मात्र त्याच्यापर्यंत पोचतो. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाने दिलेल्या रक्तात विषाणू सापडला. पोलिसांनी त्याला नेले आणि बंद पडलेल्या क्षयरोग-रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे कोंडून ठेवले. तेव्हाचा तिथला कायदा तशी मुभा देत होता. जागेची निवड पाहा! क्षयापासून ज्याला सर्वांत जास्त जपायला हवे, त्याच्यापासूनच समाज स्वतःला जपत होता. १९९२ साली तो वारला.

कोणी म्हणेल, आमच्या मुलाबाळांचे काय? प्रश्न रास्त आहे. एच.आय.व्ही. असलेल्याला फुप्फुसाचा क्षय झाला तर तो इतरांना होऊ शकतो, जसा कोणाही क्षयरोग्याकडून होतो. तोंडावर फडके, उघड्या खिडक्या, नेमाने औषध, घरच्यांची तपासणी, एवढी काळजी घ्यावीच. जोडीदाराला खरे कळण्याचा हक्कही आहेच. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करायला आणि माहिती फोडायला मनाई केली. पण जोडीदाराला धोका असेल तर ठरावीक अटींवर डॉक्टर त्याला सांगू शकतो. ज्याचा जीव गुंतला आहे त्याला सांगणे निराळे आणि चावडीवर सांगणे निराळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तिथे दगड कोणत्या काठावरून आला हे निदान दिसते. कुजबुजीचा दगड दिसतही नाही.

त्या दगडाच्या धास्तीने माणूस जवळच्या तपासणीला जात नाही. रांगेत ओळखीचे कोणी भेटेल म्हणून नागपूर गाठतो, तेही अंगात बळ उरले नाही की. खरे तर उपाय आहेत. विषाणूवरची औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. क्षय जागा होऊ नये म्हणून गोळ्या आहेत. न्यूमोसिस्टिसला थोपवणारी कोट्रायमॉक्साझोलची गोळी तर अगदी स्वस्त आहे. कमी पडतो तो वेळ, आणि तो लाजेत जातो.

जंतू संधी शोधतो, तो त्याचा धर्म. त्याला बऱ्या-वाईटाची जाण नाही. ती आपल्याला आहे, म्हणून संधी देण्याचा दोषही आपल्याकडेच येतो. शेजारचा खोकला पंधरा दिवस थांबत नसेल, तर "कशाने झाला?" हे न विचारता "चला, थुंकी तपासून येऊ" म्हणावे. सोबतीला जावे, आणि परत आल्यावर कोणाला काही सांगू नये.