सीनेच्या वाटेवरचे पायदळ

कवायती शिपायाला काडतूस दाताने फाडावे लागे. कागदाच्या पुडीत बंदुकीची दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. पुडीचे टोक तोडायचे, थोडी दारू रंजकात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. दर खेपेस चिमूटभर दारू जिभेवर येई. दारूत सोरा असतो आणि सोरा खारट. दहा-बारा बार काढले की घशाला कोरड पडे. पावसाळ्यातही पडे, मग मे महिन्यातल्या सोलापुरात काय झाले असेल, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

१० मे १८१८ रोजी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला पाठ लावून पेशव्यांचे शेवटचे मोठे पायदळ उभे होते. शाळेत आपण पेशवाईचा शेवट शिकतो तो अष्टीच्या लढाईपाशी. तेही याच जिल्ह्यात. २० फेब्रुवारी १८१८ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मग धड्यात थेट ३ जून उगवतो आणि पेशवा दुसरा बाजीराव इंग्रज जनरल माल्कमच्या स्वाधीन होतो. मधल्या साडेतीन महिन्यांत बाजीराव उत्तरेकडे धावत होता. धावणाऱ्या घोड्यांच्या चालीला पायदळ आणि अवजड तोफा साथ देत नाहीत, म्हणून ती मागे राहिली. सोलापुरात मागे राहिलेल्या या माणसांचा सरदार होता गणपतराव पानसे. घराणे पेशव्यांच्या तोफखान्याचे. सासवडजवळचे सोनोरी आणि तिथला मल्हारगड यांच्याशी ज्यांचे नाव बांधलेले आहे, तेच हे पानसे.

इंग्रजांच्या नोंदींनुसार गणपतरावांपाशी सुमारे साडेपाच हजार पायदळ होते. त्यात हजार-बाराशे अरब. शिवाय काही शे घोडेस्वार, डझनभर तोफा आणि किल्ल्यात वेगळी शिबंदी. समोर थॉमस मन्रो आणि जनरल प्रिट्झलर यांची फौज होती. मन्रोने आधी बोलणे लावून पाहिले. निरोप घेऊन गेलेल्या देशी सुभेदाराला तटाखाली ठार मारण्यात आले. हे कृत्य नीच होते. निशाण घेऊन आलेल्यावर हात टाकायचा नाही, हा लढणाऱ्यांमधला फार जुना कायदा आहे. या पायदळाची बाजू मांडताना हे झाकून ठेवण्याची मला इच्छा नाही.

दहा तारखेच्या सकाळी शिड्या लावून पेठ घेतली गेली. गणपतरावांनी तोफा पेठेच्या बाजूला आणून मारा सुरू केला. इंग्रज पायदळ त्या तोफांवर चालून गेले. काही तोफा गेल्या, गणपतराव जबर जखमी झाले आणि त्यांचा दुय्यम तोफेच्या गोळ्याने पडला. सरदार नाही, दुय्यम नाही, धनी दूर उत्तरेकडे पळतो आहे. अशा वेळी फौजा पांगतात, आणि पांगल्या असत्या तर कोणी नवल केले नसते. पण हे पायदळ दुपारनंतर जमाव करून, गोल बांधून, सीनेच्या दिशेने निघाले. प्रिट्झलर गोरे ड्रॅगून, देशी स्वार आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा घेऊन मागे लागला. उघड्या माळावर पायदळाला घोडदळापासून वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे खांद्याला खांदा. तोफांनी ती फोडली, मग तलवारी आत शिरल्या. रात्र पडेपर्यंत पाठलाग चालला. मेलेल्यांचा आकडा आठशे-हजाराच्या घरात सांगतात. मन्रोच्या बाजूला मेलेले आणि जखमी मिळून शंभरही भरले नाहीत. १५ मेला किल्ला उतरला.

लढाईची हकिगत एवढीच. हे मेलेले कोण होते, हा माझा प्रश्न आहे. सुभेदाराचा मारेकरी याच पायदळातला होता, एवढे आपल्याला ठाऊक आहे. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव सोलापूरला माहीत नाही.

मराठी माणसाची लष्करी आठवण घोड्यावर बसलेली आहे. पागा, शिलेदार, बारगीर हे शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. पायदळासाठी आपल्यापाशी शिवकाळातला मावळा आहे आणि तिथून थेट आजची मराठा लाइट इन्फंट्री. मधल्या साठ-सत्तर वर्षांत जे पायदळ उभे राहिले त्याचे नाव गारदी, आणि ते नाव आपण शिवीसारखे वापरतो. त्याला कारण आहे. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावाला मारणारा सुमेरसिंग गारदी होता. पण त्याच्या बारा वर्षे आधी, पानिपतावर, फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत वाढलेला इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणी घेऊन रोहिल्यांवर तुटून पडला होता. त्याची बहुतेक माणसे तिथेच राहिली आणि तो स्वतः जखमी अवस्थेत सापडून मारला गेला. त्याच्याविषयी आपण आदराने बोलतो, पण अपवाद म्हणून. जातीचा शब्द ठरला तो सुमेरसिंगाचा.

गारदी परका होता, हे खरे. अरब, हिंदुस्थानी, रोहिले, गोव्याकडचे ख्रिस्ती अशी ती माणसे. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीच्या लढाईत बाजीरावाची एक पलटण इंग्रजांवर चालून गेली, तिचा अधिकारी डी पिंटो नावाचा पोर्तुगीज होता. त्याच दिवशी बाजीरावाच्याच खर्चाने उभारलेली मेजर फोर्डची पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. परका लढला आणि पगार देऊन पोसलेला उलटला. फोर्ड तरी इंग्रजच. पण त्याच्या पलटणीतले शिपाई कुठले होते? निष्ठेचा हिशेब जन्मगावावरून मांडायला गेले की तो असा चुकतो.

या पायदळाचे सगळे दुखणे पगारात होते. शिपायाचे नाते राज्याशी नव्हते, सरदाराशीही पुरते नव्हते. ते होते पलटणीच्या मालकाशी. मालक हा शब्द मी अगदी सरळ अर्थाने वापरतो आहे. जॉन बॉइड नावाचा अमेरिकन एक अख्खी पलटण बंदुका-तोफांसकट स्वतःच्या मालकीची बाळगून होता आणि ती दरबारांना भाड्याने देई. पेशव्यांकडेही तो होता. पुढे मायदेशी परतून १८१२च्या युद्धात तो ब्रिगेडियर जनरल झाला. पेशव्यांच्या पायदळाची एक पलटण विल्यम टोन याच्याकडे होती. आयर्लंडमध्ये इंग्रज राजवटीविरुद्ध १७९८च्या उठावाची आखणी करणारा वुल्फ टोन, त्याचा हा भाऊ. एक भाऊ फ्रेंच क्रांतीकडून पलटणी मागत होता आणि दुसरा पुण्यात पगारी पलटण चालवत होता. मराठ्यांच्या राज्यव्यवहारावर त्याने लिहून ठेवले आहे. पुढे मराठ्यांच्याच एका चाकरीत तो लढाईत मेला.

या माणसांबरोबर आपल्याकडे कवायत आली, हुकमाचे शब्द आले. पलटण हा शब्दही त्याच वाटेने आला. जे आले नाही ते फ्रान्समध्ये १७९३ला घडले होते: शिपाई म्हणजे देशाचा नागरिक, त्याची बंदूक देशाची आणि म्हणून त्याची जबाबदारीही देशाची. आपल्या दरबारांनी कवायत विकत घेतली, हे नाते घेतले नाही. मग पगार तुंबे. सहा सहा महिने तुंबे. शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. बाजीराव जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा त्याच्या भोवतीच्या अरबांनी थकबाकीसाठी त्यालाच कोंडले आणि माल्कमला मधे पडावे लागले. गादी गेली त्या आठवड्यात पेशव्याभोवती जो शेवटचा आरडाओरडा झाला तो पगाराचा होता.

यावरून हे भाडोत्री लोक होते, त्यांच्या मरणाला काय अर्थ, असे म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. जरा बाहेर पाहू. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले पायदळ हे नागरिकांचे पायदळ म्हणून जगाने डोक्यावर घेतले. त्याच पायदळातल्या पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींनी जानेवारी १७८१मध्ये पगार आणि मुदतीवरून बंड केले. इंग्रजांनी फोडायला पाठवलेली माणसे त्यांनी आपल्या सरकारच्या हवाली केली, आणि त्याच वेळी पगाराचा हट्टही सोडला नाही. देशभक्ताला पोट असते आणि पगारी शिपायालाही शब्द असतो. सोलापुरात सरदार पडल्यावरही गोल न फोडता सीनेकडे चाललेल्या माणसांना पुढचा पगार कोण देणार होते?

फरक दुसरीकडे पडला. १८ मार्च १८१८ रोजी, म्हणजे सोलापूरच्या लढाईच्या आधी आठ आठवडेही नाहीत तेव्हा, अमेरिकेच्या काँग्रेसने त्या जुन्या युद्धातल्या गरजू शिपायांना तहहयात निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला. साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. त्यासाठी म्हाताऱ्याने न्यायालयात उभे राहून सांगायचे की मी अमक्या पलटणीत, तमक्या कप्तानाच्या हाताखाली होतो, अमक्या लढाईत होतो. हजारोंनी सांगितले. कोणाला तारखा आठवत नव्हत्या, कोणाला फक्त थंडी आठवत होती. आज त्या देशात एखाद्या पायदळ पलटणीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस या अर्जांवरच विसंबतो. महिना आठ डॉलर देण्यापूर्वी सरकारने विचारले, तू कोण? त्या प्रश्नाने त्यांचा इतिहास वाचवला.

आपल्याकडे हाच प्रश्न ईस्ट इंडिया कंपनीने विचारला होता, आणि त्याचा परिणाम डोळ्यांपुढे आहे. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईतले कंपनीचे मेलेले शिपाई स्तंभावर नावानिशी कोरलेले आहेत. त्यातली कितीतरी नावे ‘नाक’ने संपतात, ती महार शिपायांची. स्तंभ उभारणाऱ्यांना कंपनीचा विजय मिरवायचा होता, यात शंका नाही. पण नाव एकदा दगडावर आले की ते कोरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. शतकानुशतके दबून राहिलेल्या समाजाला त्या नावांमधून आपला पूर्वज सापडला, हत्यार धरलेला आणि हिशेबात घेतलेला. याच लढाईत समोरच्या बाजूने लढलेल्या अरब पायदळाचे एकही नाव कुठे कोरलेले नाही. ज्या राज्यासाठी ते लढले ते बुडाले, हे एक कारण. ते राज्य बुडण्याआधीही त्यांना माणूस म्हणून मोजत नव्हते, हे दुसरे, आणि माझ्या मते मोठे.

मात्र त्यांचा कागदच नाही, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. पुण्यातल्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून निवडून ४५ खंड छापले, त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. निवड करताना त्यांची नजर साहजिकच राजकारणावर, मोहिमांवर, मोठ्यांच्या पत्रांवर होती. पण फौज पोसणाऱ्या राज्याला हजेऱ्या घ्याव्या लागतात, तैनाती लिहाव्या लागतात, रोजमुरा वाटावा लागतो. पायदळाच्या हजेरीत जमादाराचे नाव असते, त्याच्या हाताखालची माणसे असतात. मोडी शिकवणारे वर्ग आज अनेक शहरांत चालतात. शिकणारी मुले जमिनीचे कागद वाचून देतात, त्यात चार पैसेही मिळतात. त्यांतल्या दहा जणांनी पायदळाचे हिशेब हाती घेतले, तर गारदी या एका शब्दाखाली गाडलेली किती नावे वर येतील, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

सोलापूर हुतात्म्यांना विसरणारे शहर नाही. १९३०च्या लढ्यातल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ला फाशी झाली. त्यांची नावे इथल्या लहान मुलालाही पाठ असतात आणि ती चार नावे चार घरांतली, चार समाजांतली आहेत हे इथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. किल्ल्यालगतच्या बागेलाही हुतात्म्यांचेच नाव आहे. संध्याकाळी तिथे माणसे फिरायला येतात, तलावावरून जरा वारा येतो. तटाच्या याच अंगाला दोन शतकांपूर्वी कुठल्या कुठल्या मुलखांतली माणसे तोंडात सोऱ्याची चव घेऊन उभी होती, असे सांगणारी पाटी तिथे मला आढळली नाही. १९३०चा लढा स्वातंत्र्याचा होता आणि १८१८चा एका बुडत्या दरबाराचा. दोन्ही एका पंक्तीला बसवावेत असे मी म्हणत नाही. पण कोणत्या मुलखात, कोणत्या धर्मात जन्मला हे न विचारता माणसाला आपले म्हणणे या शहराला येते, आणि म्हणून ही नावे शोधण्याचे मागणे मी याच शहराकडे करतो आहे.

मंगळवेढ्याच्या रस्त्याने निघाले की सीना ओलांडावी लागते. मेमध्ये पात्र बहुधा कोरडे असते, मधे कुठे तरी डबके. त्या रात्री कोण कोण या नदीपर्यंत पोहोचले, पलीकडे कोण गेले, वाटेत कोणत्या गावाने कोणाला पाणी दिले, याचा माग अजून कोणी काढलेला नाही. दप्तर पुण्यात आहे आणि नदी इथे. मधले अंतर अडीचशे किलोमीटर.