आखडता हात

एप्रिल उजाडला की हिंजवडीच्या सोसायट्यांसमोर टँकर उभे राहू लागतात. त्यातलं थोडं पाणी कुंपणालगतच्या पिवळ्या दुरांताच्या वाट्यालाही जातं. ही दुरांता मूळची अमेरिका खंडातली. काही दिवस नळी फिरली नाही, की मान टाकते. पण मुळशीच्या रस्त्याला लागून डोंगराकडे पाहिलं, तर त्याच उन्हात मुरमाड उतारावर करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार उभ्या असतात. पावसाळा सरल्यावर त्यांना पाणी घालायला कुणी जात नाही.

करवंदीचं पान हातात घेऊन बघावं. लहान, चिवट, चामड्यासारखं जाड आणि वरून चकचकीत. तोडलं की देठाशी पांढरा चीक येतो. मुळं मुरमात आणि कातळाच्या फटींत वाट काढत खोल गेलेली. ही जाळी बारमाही हिरवी राहते ती तिला भरपूर मिळतं म्हणून नव्हे; मिळालेलं ती बेतानं खर्च करते म्हणून. त्या बेतातच पांढरी सुवासिक फुलं बसतात आणि मे महिन्यात पाट्या भरभरून विकायला येणारी काळी करवंदंही. अर्धं चावून, आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरट निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळ याच फळावरचा.

ही करवंदी बागेतही छान वाढते. रोपवाटिकेत बहुधा लोणच्याचं, मोठ्या गुलाबी फळाचं करवंद पुढं केलं जातं. आपण डोंगरातलं काळं मागावं. बी लावायचं तर ताजंच लावावं. पावसाच्या तोंडावर तीन-तीन फुटांवर रोपं लावली की काही वर्षांत काटेरी कुंपण तयार होतं.

खरी परीक्षा असते ती पाण्याची, आणि ती झाडाची नसते, आपली असते. रोप कोवळं असताना पहिले एक-दोन उन्हाळे त्याला पाणी लागतंच. डोंगरातलीही सगळी रोपं जगत नाहीत; आपल्याला दिसतात ती तगलेली. पण रोज तांब्याभर पाणी घातलं, तर मुळं वरच्या वरच रेंगाळतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी सावकाश मुरवावं, म्हणजे मुळं ओलाव्यामागं खाली उतरतात. दुसऱ्या वर्षी पाळ्यांमधलं अंतर वाढवत न्यावं आणि मग हात आखडता घ्यावा. लाडानं पाणी घालतच राहिलं आणि ते बुडाशी साचलं, तर दुष्काळात तगणारी ही करवंदी मुळं कुजून जाते.

देताना आपल्याला बरं वाटतं, म्हणून थांबणं जड जातं. नव्यानं रुजू झालेल्या मुलीचं चुकलेलं काम संध्याकाळी स्वतःच दुरुस्त करून टाकणारा वरिष्ठ मनानं चांगलाच असतो. तिचंही त्या दिवशीचं काम भागतं. मात्र पुढच्या वर्षी तो रजेवर गेला, की ती अडते. त्यानं तिला वाऱ्यावर सोडावं असं नाही. आज शेजारी बसून दाखवावं, उद्या फक्त चूक कुठं आहे तेवढं सांगावं, परवा तिनं विचारेपर्यंत गप्प राहावं. मदत कमी करत नेणं हाही मदतीचाच भाग आहे, आणि त्याला पाणी घालण्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं.

अशी स्वतःच्या मुळांवर उभी राहिलेली करवंदी पुढं एकटी राहत नाही. जोडीजोडीनं येणाऱ्या तिच्या काट्यांमुळं गुरं-शेळ्या जाळीत सहसा तोंड घालत नाहीत, आणि त्या आडोशाला दुसऱ्या झाडांची कोवळी रोपं वाढून वर येतात. तेव्हा कुणाला हात देताना तो कधी काढून घ्यायचा, हेही मनाशी ठरवून ठेवावं. त्याच्या आडोशाला उद्या आणखी कुणी वाढायचं असतं.