न खेळलेल्या फायनलचं पदक

एमिली स्कॅरट ही इंग्लंडची रग्बीपटू. दोन वर्ल्डकप जिंकलेली. पहिला २०१४चा. पॅरिसच्या फायनलमध्ये इंग्लंडने कॅनडाला २१-९ असं हरवलं, त्या २१ पैकी १६ गुण एकट्या तिचे. दुसरा २०२५चा. मैदान ट्विकनहॅम, समोर पुन्हा कॅनडा, स्कोअर ३३-१३, बघायला ८१,८८५ माणसं. आणि या फायनलमध्ये स्कॅरट खेळलीच नाही.

पहिलं पदक तिचं आहे यावर वाद नाही. दुसरं कितपत तिचं?

आधी हिशोब बघू. २००८मध्ये, अठराव्या वर्षी पदार्पण. ११९ सामने, ७५४ गुण. सुरुवातीची वर्षं शाळेत पीटी शिकवत खेळली, कारण तेव्हा इंग्लंडच्या बायकांना रग्बीचे पूर्णवेळ करार मिळत नव्हते. पाच वर्ल्डकप, पाचही वेळा संघ फायनलमध्ये, त्यातल्या तीन न्यूझीलंडने हिसकावल्या. २०२३मध्ये मानेची शस्त्रक्रिया. ज्या खेळात पूर्ण वेगाने येणाऱ्या बाईला खांद्याने अडवायचं असतं, त्यात मानेची! तरी ती परतली. पस्तिसाव्या वर्षी बत्तीस जणींच्या संघात आली आणि अमेरिकेविरुद्ध सलामीच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरली.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, ‘तिचा अनुभव संघाला उपयोगी पडला असेल.’ असेलही. पण मला या वाक्यात सांत्वनाचा वास येतो. जणू पदक म्हणजे मजुरी, आणि घाम कमी पडला म्हणून आपण तिच्या नावावर काहीतरी काम शोधून काढतोय. खारीचा वाटा म्हणायचं तर ती खार नाही, एकेकाळी तिनेच सेतू बांधलाय.

मला विम्याचं उदाहरण जास्त पटतं. वर्षभर अपघात झाला नाही म्हणून हप्ता वाया गेला असं कुणी शहाणा म्हणत नाही. स्कॅरट सेंटरला खेळायची, फुलबॅकला खेळायची, किक मारायची. कुणी जायबंदी झालं असतं तर ती होती. ‘ती होती’ एवढ्यावर प्रशिक्षक धोका पत्करू शकतो.

फरक इतकाच की विम्याच्या कागदाला खेळायची इच्छा नसते. स्कॅरटला असणार. म्हणजे तिने रोज स्वतःला सामन्यासाठी तयार ठेवायचं आणि त्याच वेळी आपली गरज न पडो असंही चिंतायचं, कारण गरज पडणं म्हणजे एखादी मैत्रीण स्ट्रेचरवर. एकाच माणसाने या दोन्ही गोष्टी मनापासून करणं मला १६ गुणांपेक्षा अवघड वाटतं. म्हणून ते पदक मी तिचं मानतो, पूर्णपणे.

पण मग तेहतिसावीचं काय? शिबिरात याच मुलींशी टक्कर घेऊन त्यांना तयार करणारी आणि यादी लागली तेव्हा बॅग भरून घरी गेलेली कुणीतरी असतेच. स्कॅरटच्या जागेवर तिचा डोळा असेल. विम्याचा तर्क तिला जेमतेम लागू होतो, कारण बोलावलं जाण्याची आशा तिच्यापाशी फारच थोडी. घाम मात्र तितकाच. तिला पदक नाही, आणि ते का नाही याचं मला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही. ‘कुठेतरी रेघ मारावी लागते’ हे खरं आहे, पण ते न्यायाचं कारण नव्हे, सोयीचं आहे.

फायनल झाली २७ सप्टेंबरला. ऑक्टोबरमध्ये स्कॅरटने निवृत्ती जाहीर केली.