आईचे ऋण कसे फेडावे?



कोसल देशाचा राजा प्रसेनजित एकदा भर दुपारी श्रावस्तीला तथागतांकडे आला. अशा अवेळी येण्याचे कारण तथागतांनी विचारले. राजाने सांगितले की, माझी आजी वारली. ती एकशेवीस वर्षांची होती, पण मला अतिशय प्रिय होती. हत्ती, घोडा, गाव, एखादा प्रांत देऊन ती वाचली असती, तर तेही मी दिले असते.

संयुत्त निकायातील या सुत्ताचे नाव 'अय्यिका सुत्त'. अय्यिका म्हणजे आजी. राज्य चालविणारा माणूस म्हाताऱ्या आजीसाठी व्याकूळ होतो, यात तथागतांना काही गैर वाटले नाही. त्यांनी त्याला कुंभाराच्या भांड्यांची उपमा दिली. भांडे कच्चे असो वा भाजलेले, एक दिवस फुटणारच. जन्मलेल्या प्रत्येकाचे तसेच आहे. राजाला त्यांनी सत्य सांगितले; कोणताही विधी सांगितला नाही.

आपल्या घरी मात्र काय होते? येरवड्यात, ताडीवाला रोडला, कासेवाडीत, दापोडीत, कुठेही पाहा. आई किंवा आजी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली असते. औषधाला पैसे पुरत नाहीत. लांबचे नातेवाईक फिरकत नाहीत. पण ती गेली की तेच नातेवाईक तिसऱ्या दिवशी हजर होतात. दहावे कधी, तेरावे कधी, कावळा शिवला का, जेवणावळीला किती पाने, असे विचारू लागतात. नुकताच धम्म स्वीकारलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा इथे असते. लग्न बौद्ध पद्धतीने लावणे सोपे. मरणाच्या घरी धम्म सांभाळणे अवघड. 'आईसाठी एवढेही केले नाही' हे बोलणे जिव्हारी लागते, आणि चांगला शिकलेला मुलगासुद्धा कर्ज काढून तेरावे घालतो.

म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांतली सहावी आहे. ती केवळ खर्च वाचविण्यासाठी नाही. नालंदेला असिबंधकपुत्र नावाच्या ग्रामप्रमुखाने तथागतांना विचारले होते की, मेलेल्या माणसाला मंत्राने स्वर्गाला पोचविता येते का? तथागतांनी उलट विचारले की, खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर लोक जमून 'वर ये, वर ये' अशी प्रार्थना करू लागले, तर धोंडा वर येईल का? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले, तर तूप कोणाच्या मंत्राने खाली बुडेल का? माणसाचे भले त्याच्या कर्मावर ठरते, पुरोहिताच्या दक्षिणेवर नाही. ज्या आईने आयुष्यभर कष्ट केले, तिला वर जायला कावळ्याची परवानगी कशाला?

मग मुलाचे कर्तव्य काय? त्याचा आरंभ आजारपणापासून होतो. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे तथागत तेव्हा म्हणाले. चांगला शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही त्यांनी सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-अपथ्य कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस मानू नये. आणि वेळोवेळी धम्माचे बोलून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे.

भगिनींनो, हे पाच गुण वाचताना आपल्या घरातील सूनबाई डोळ्यांसमोर येते. बंधूंनो, आपण कुठे असतो? तथागतांनी स्वतःच्या हाताने केलेले काम पुरुषाला कमीपणाचे कसे?

माझी आई चार वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माझ्या मुलींना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारी ती आजी शेवटी कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. एके रात्री तिने हळूच विचारले, "बाळा, मी गेल्यावर कावळा शिवला नाही, तर माझा जीव कुठं घुटमळंल का रं?" लहानपणापासून मनात बसलेली भीती होती ती. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला डोहातल्या धोंड्याची आणि तुपाची गोष्ट सांगितली. पुढे बरेच दिवस ती तीच गोष्ट नातींना सांगत असे. धाकटी एकदा म्हणाली, "आजी, तू तूप आहेस." ती कितीतरी वेळ हसली.

अंगुत्तर निकायात सांगितले आहे की, आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर शंभर वर्षे वाहिले, तरी ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांत स्थिर केले, तरच ते फिटते. म्हणजे आईची भीती घालविणे हे ऋण फेडणे आहे, आणि ते ती जिवंत असतानाच करावे लागते.

या बाबतीत माता रमाईंचे उदाहरण आपल्यापुढे आहे. दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. बाबासाहेब परदेशी शिकत होते, तेव्हा त्यांनी गरिबीत संसार ओढला. पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव राहिले. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. नातवंडे पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. रमाई भाविक होत्या. पंढरपूरला जावे अशी त्यांची इच्छा होती. आपल्या माणसाला जिथे देवळाबाहेर उभे करतात तिथे जाण्यापेक्षा आपण दुसरे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. ते देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. बाबासाहेबांनी रमाईंच्या श्रद्धेची टवाळी केली नाही, आणि स्वाभिमानही सोडला नाही. त्यांच्या निधनानंतर साडेचार महिन्यांत येवल्याची घोषणा झाली. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. विद्वानाने पत्नीचे स्मरण आपल्या कामातून केले.

आपणही आपल्या ऐपतीने तसे करावे. सिगालोवाद सुत्तात मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले पाचवे दिवंगत मातापित्यांच्या नावे दान देण्याचे आहे. म्हणून पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिसरण-पंचशील घ्या, परित्राण पाठ करा, आणि तेराव्याला जो पैसा गेला असता तो आईच्या नावाने एखाद्या मुलीच्या फीसाठी, वस्तीतील वाचनालयासाठी, आजाऱ्याच्या औषधासाठी द्या. आणखी एक करा. आपल्या आयांना, आज्यांना लिहिता आले नाही. त्या कुठल्या गावाहून आल्या, काय काम करून मुले शिकविली, दीक्षा कधी घेतली, हे नातवंडांकडून वहीत लिहून घ्या. आजी हयात असेल तर आजच विचारा.

आणि नातेवाइकांनी विचारले, "आईसाठी काय केले?" तर मान खाली घालू नका. ती होती तेव्हा काय केले ते सांगा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.